मधमाशीचं रूप घेणारं बी ऑर्किड आणि आपल्याकडची आमरी (म्हणजे इथली ऑर्किड) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुलाबी पाकळ्यांवर मखमली मधमाशी बसल्याचा फोटो दर दोन-चार महिन्यांनी फोनवर फिरतो, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तेच प्रश्न पुन्हा येतात. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. घाई असेल तर ६ आणि ११ एवढे तरी वाचा. पैसे वाचतील.

१. हे फूल खरंच असतं का, की फोटो बनवलेला आहे?

खरं आहे. बी ऑर्किड हे इंग्रजी नाव, त्यातलं 'बी' म्हणजे मधमाशी, बियाणं नव्हे. शास्त्रीय नाव ऑफ्रिस एपिफेरा. हे नाव विल्यम हडसन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६२ मध्ये दिलं. पश्चिम, मध्य आणि दक्षिण युरोप, उत्तर आफ्रिका आणि पूर्वेला कॉकेशसपर्यंत ते रानात उगवतं. भारतात कुठेही ते रानटी नाही, त्यामुळे 'हिमालयातलं दुर्मिळ फूल' म्हणून आलेला मेसेज पुढे पाठवू नका.

२. फुलावर खरी मधमाशी असते की फूलच तसं असतं?

फूलच तसं असतं. बाहेरची तीन दलं गुलाबी, क्वचित पांढरी. मधली खालची पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती फुगीर, तपकिरी आणि मखमली. तिच्यावर पिवळसर रेघांची नक्षी असते आणि दोन्ही बाजूंना केसाळ उंचवटे. वरून हिरवट स्तंभ पुढे झुकलेला असतो आणि त्याच्या टोकाशी परागाचे दोन पिवळे पुंजके. आख्खं झाड जेमतेम वीतभर ते हातभर, दांड्यावर दोन ते दहा-बारा फुलं. फोटोत ते पंज्याएवढं वाटतं. प्रत्यक्षात ओठ सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा असतो.

३. मधमाशीचं सोंग घेऊन त्याला मिळतं काय?

नराला फसवता येतं. युसेरा या कुळातल्या लांब मिशांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या असतात. फुलाचा आकार, लव आणि मुख्य म्हणजे वास हे सगळं त्यांच्या मादीसारखं. नर फुलाशीच मीलन करू पाहतो, परागाचे पुंजके त्याच्या अंगाला चिकटतात आणि पुढच्या फुलावर जातात. ऑफ्रिस कुळातली ही फसवणूक अल्जीरियात पुयान यांनी पाहिली आणि १९१६ मध्ये कोरेव्हाँ यांच्याबरोबर मांडली. तोवर माशी तिथे नेमकं काय करते, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गंमत पुढे आहे. उत्तर युरोपात हे फूल माशीची वाटच पाहत नाही. परागाचे पुंजके बारीक देठांवर असतात. फूल उमललं की देठ वाकतात, पुंजके लोंबायला लागतात आणि वाऱ्याच्या हेलकाव्याने त्याच फुलाच्या चिकट भागाला जाऊन टेकतात. एवढी तयारी माशीसाठी आणि काम स्वतःच उरकायचं, हे डार्विनलाही कोड्यात टाकणारं होतं. १८६२ मध्ये त्याने याची नोंद केली आहे.

४. आपल्या आग्या किंवा सातेरी माश्या याला भुलतील का?

नाही. वासाची ही किल्ली ठरावीक जातीच्या नरासाठीच असते. आपल्या मोहोळातल्या कामकरी माश्या माद्याच असतात आणि त्या येतात मकरंदासाठी. या फुलात मकरंद नाही.

५. मग डाळिंबाच्या किंवा कांदा बियाण्याच्या प्लॉटच्या बांधावर लावलं तर परागीभवन वाढेल?

एका माशीचाही फायदा नाही. बांधावर शेवगा, तीळ, सूर्यफूल, मोहरी लावा, करंज-कडुनिंब असतील तर तोडू नका आणि फुलोऱ्यात फवारणी टाळा. माश्या आपोआप येतात.

६. ऑनलाइन बी ऑर्किडच्या बिया मिळतात. मागवू का?

मागवू नका. पाकिटात तीळ-मोहरीएवढे दाणे आले तर ते कोणत्याच ऑर्किडचं बी नाही. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. एका बोंडात हजारोंनी भरलेलं आणि फुंकर मारली तर उडून जाणारं. 'शंभर बिया, उगवण हमी' असं लिहिलेलं पाकीट म्हणजे सरळ फसवणूक. फोटोत मधमाशी, पाकिटात राजगिरा किंवा कुठलं तरी गवत.

'माकडतोंडी ऑर्किड'च्या पाकिटांचंही तेच. ती वनस्पती खरी आहे, ड्रॅक्युला सिमिया तिचं नाव. पण ती इक्वेडोरच्या ढगांनी झाकलेल्या थंड, ओल्या डोंगरजंगलातली आहे. भुसावळच्या मे महिन्यात ती एक दुपारही काढणार नाही.

७. खरं बी मिळालं तर कुंडीत पेरून येईल का?

जवळजवळ नाहीच. गहू-हरभऱ्याच्या दाण्यात अंकुराला शिदोरी असते, ऑर्किडच्या बीत ती नसते. जमिनीतली विशिष्ट बुरशी बीमध्ये शिरते, तिच्याकडून अन्न मिळालं तरच अंकुर वाढतो. हे नातं नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये उलगडलं. बी ऑर्किडला चालणारी बुरशी आपल्या कुंडीत असेलच असं धरून चालता येत नाही.

युरोपातले हौशी लोक जुन्या झाडाच्या आसपासच्या विरळ गवतात बी उधळतात आणि विसरून जातात. बुरशी तिथे आधीपासून असते. तरीही पहिलं फूल यायला पाच-सात वर्षं सहज जातात.

८. जळगावात केळीची टिश्यू कल्चर रोपं लाखांनी होतात. मग हे तिथे का होत नाही?

हा प्रश्न खान्देशातूनच येतो आणि रास्त आहे. तंत्र आहेच. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर ऑर्किडचं बी उगवून दाखवलं. आज दुकानात दिसणारी फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम ही सगळी प्रयोगशाळेतूनच येतात.

पण केळीत आणि यात फरक मोठा. केळीत मुनव्याचा शेंडा घेऊन त्याच्याच नकला काढतात, काही महिन्यांत रोप शेडनेटमध्ये येतं आणि पुढच्या वर्षी घड. इथे सुरुवात बीपासून. निर्जंतुक करताना द्रावण जरा कडक झालं तर बी मरतं, सौम्य राहिलं तर बाटलीत बुरशी माजते. पेरलेली बाटली काही महिने अंधारात. नंतर इवलासा कंद तयार होतो, त्याला ऋतू पाहून बाहेर काढायचं, आणि इथेच सगळ्यात जास्त मर होते. एवढं करून फुलाला आणखी काही वर्षं. एकरी उत्पन्नाचा हिशेब मांडणारी लॅब यात पडत नाही, आणि मला तरी त्यात त्यांची चूक दिसत नाही.

९. तयार रोप किंवा कंद परदेशातून मागवता येतो का?

कायद्याने येतो, पण कागदपत्रांसह. सगळ्याच ऑर्किड 'साइट्स' (CITES) या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात आणि बी ऑर्किड त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे पाठवणाऱ्या देशाचा निर्यात परवाना लागतो. शिवाय भारताच्या २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडच्या सरकारी यंत्रणेचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. निर्जंतुक बाटलीतल्या टिश्यू कल्चर रोपांना साइट्समधून सूट आहे, पण आपल्या संगरोध नियमांतून नाही.

एका कंदासाठी हा खटाटोप परवडत नाही. मागवायचंच असेल तर चार-पाच हौशी मिळून, 'रोपवाटिकेत बीपासून वाढवलेला' असं लेखी देणाऱ्याकडूनच घ्या. रानातून उपटलेला कंद स्वस्त मिळतो आणि बहुतेक वेळा मरतो.

१०. माझा भाचा इंग्लंडमध्ये आहे. त्याच्या ऑफिसजवळ रस्त्याकडेला हे उगवलंय म्हणतो. येताना बॅगेत एक घेऊन आला तर?

रस्त्याकडेला उगवलंय हे अगदी शक्य आहे. जुन्या खाणी, रस्त्याच्या कडा, पडीक कारखान्यांची आवारं अशा हलक्या, चुनखडीच्या जागा त्याला आवडतात. बेडफर्डशायर परगण्याचं तर ते मानाचं फूल आहे. पण तिथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार जागामालकाच्या परवानगीशिवाय कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटणं गुन्हा आहे. परवानगी मिळाली तरी प्रश्न ९ मधले कागद लागतातच. शिवाय ते जूनमध्ये फुलतं, तेव्हा उपटलं तर नवा कंद अर्धवट राहतो. भाच्याला फोटो काढायला सांगा.

११. समजा कायदेशीर कंद मिळाला. खान्देशच्या हवेत जगेल का?

कुंडीत, नीट लक्ष दिलं तर प्रयत्न करता येईल. मात्र एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा : हे रब्बीचं झाड आहे, खरिपाचं नाही. आपण कुठलाही कंद दिसला की मृगाच्या पावसात लावतो. इथे नेमकं तेच मारक ठरतं.

त्याच्या मूळ प्रदेशात, विशेषतः भूमध्य समुद्राभोवती, पावसाळा हिवाळ्यात असतो आणि उन्हाळा कोरडा. शरद ऋतूत जमिनीलगत पानांचा चक्राकार गुच्छ येतो, हिवाळाभर तो हिरवा राहतो, वसंतात दांडा निघतो, फुलं येतात आणि उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून फक्त कंद झोपतो. आपल्याकडे याला जुळवायचं तर दसऱ्याच्या आसपास कुंडीला पहिलं पाणी, दिवाळीपर्यंत पानं, थंडीत वाढ, आणि फुलायचं झालंच तर होळीच्या आगेमागे. आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) पुढच्या दसऱ्यापर्यंत कुंडी कोरडी ठक्क.

आपला हिवाळा त्याला मानवण्यासारखा आहे. धुळ्याकडे थंडीच्या लाटेत पारा ५-६ अंशांवर येतो, त्याने काही बिघडत नाही. खरे शत्रू दोन. मार्चमध्ये एकदम चढणारं ऊन, ज्याने दांडा अर्ध्यावर करपतो. आणि झोपलेल्या कंदावर पडणारा पावसाळा, ज्याने कंद सडतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून दुपारची सावली द्या. मे महिन्यात ४४-४५ अंशांत कुंडी गच्चीवर तापू देऊ नका. गावी धाब्याचं घर असेल तर त्याच्या आतल्या खोलीत, कोरड्या वाळूच्या पाटीत कुंडी पुरून ठेवा. याहून बरी जागा शहरातल्या फ्लॅटमध्ये मिळणार नाही. उंदरांपासून जपा, वर जाळी टाका.

१२. कुंडीत माती कोणती भरायची?

काळी कपाशीची माती अजिबात नको. ओली झाली की चिकट गोळा, वाळली की भेगा. दोन्ही वेळा कंदाचे हाल.

गिरणा-तापीची जाड धुतलेली वाळू दोन भाग, विटांची बारीक खडी किंवा परलाइट एक भाग, मुरमाड हलकी माती एक भाग, चाळलेलं पानांचं कुजलेलं खत एक भाग. त्यात मूठभर चुनखडीचा चुरा. शेतात पांढरे खडे सापडतात ना, तेच कुटून घ्या. पानाचा किंवा रंगाचा चुना टाकू नका, तो इतका दाहक असतो की मुळं जळतात.

कुंडी मातीचीच, पाच-सहा इंची, खाली भोक मोकळं. कंदाचा कोंब वर ठेवून दोन-तीन सेंटीमीटर खोल लावा.

१३. आमच्या शेतात चुनखडी भरपूर आहे, सामू ८ च्या वर. त्याला चुना आवडतो म्हणता, मग सरळ शेतातच का नको?

सामूची अडचण नाही, निचऱ्याची आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनी बहुतेक भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या. त्यातली चोपण असेल तर विषय संपला. शिवाय शेतात जून ते सप्टेंबरचा पाऊस कोण अडवणार? अपवाद म्हणून उंच मुरमाड बांधावर, वर पत्रा टाकून करता येईल, पण मग ती जमिनीतली कुंडीच झाली.

१४. पाणी किती? बोअरचं चालेल का?

वाढीच्या काळात वरचा इंचभर थर वाळला की द्या, सकाळी, कडेने. पानांच्या गुच्छाच्या मध्ये पाणी साचलं की तिथूनच सड सुरू होते. बोअरच्या पाण्यातला चुना याला चालतो, मीठ चालत नाही. चव मचूळ असेल किंवा कुंडीच्या कडेला पांढरी खार चढत असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

१५. खत?

जवळपास नाहीच. युरियाचा दाणाही नको. नापीक जमिनीत वाढायची सवय असलेली जात आहे ही.

१६. तोरणमाळ तर थंड आहे. तिथे बाहेर जमिनीत लावलं तर?

तोरणमाळची उंची सुमारे ११५० मीटर, उन्हाळाही सुसह्य. पण पाऊस सपाटीपेक्षा बराच जास्त आणि तोही प्रश्न ११ मध्ये सांगितलेल्या चुकीच्या वेळी. दुसरं म्हणजे परदेशी वनस्पती सातपुड्याच्या रानात नेऊन लावायची गरज काय? तिथे आपली आमरी आधीच आहे.

१७. आपल्याकडे रानात कोणत्या आमरी सापडतात?

मला विचाराल तर खान्देशातल्या माणसाने खरं इथे लक्ष द्यावं.

झाडावरची सगळ्यात ओळखीची म्हणजे वांडा टेसेलाटा. काही भागांत तिला रास्ना म्हणतात. जुन्या आंब्या-मोहांच्या खोडावर दोन्ही बाजूंना पट्ट्यासारखी जाड पानं, हवेत लोंबणारी पांढरट मुळं. फुलाच्या पाकळ्या पिवळट-तपकिरी जाळीच्या, ओठ निळा-जांभळा, आणि वास गोड. कोरड्या पानगळीच्या जंगलाची तिला सवय आहे, म्हणून आपल्या हवेत टिकते.

जमिनीवरच्यांमध्ये हबेनारिया कुळातल्या आमरी. या अस्सल खरिपाच्या, म्हणजे बी ऑर्किडच्या बरोबर उलट. पाऊस पडला की गवतात पानं काढतात, श्रावण-भाद्रपदात फुलतात, दिवाळीनंतर कंदात परत. पावसाळ्यात सातपुड्याच्या गवताळ उतारावर किंवा पाटणादेवीच्या बाजूला चालताना पायाखाली पाहत चला. चार फुलांचा हिरवट-पांढरा दांडा गवतात चटकन दिसत नाही. फुलाच्या मागे लांब सोंडेसारखी नळी असते, तिच्या तळाशी मकरंद आणि तो प्यायला रात्री लांब सोंडेचे पतंग येतात. सोंग नाही, रोखीचा व्यवहार.

तिसरी अमरकंद, म्हणजे युलोफिया. उन्हाळ्याच्या शेवटी-पावसाच्या सुरुवातीला हिचा फुलांचा दांडा पानांच्या आधी किंवा पानांबरोबर वर येतो. तिच्याबद्दल २१ मध्ये.

१८. आमरी म्हणजे बांडगूळच ना? आमच्या आंब्यावर आहे, काढून टाकू का?

बांडगूळ वेगळं. ते फांदीच्या आत मूळ घालून झाडाचा रस ओढतं आणि फांदी वाळवतं. ते जरूर काढा. वांडाची मुळं फक्त सालीवर पसरतात, पावसाचं पाणी आणि सालीत साठलेला कचरा यावर जगतात. खात्री करायची तर मूळ हलकेच उचलून पाहा. सालीवरून निघालं तर आमरी, फांदीत गाठ करून घुसलेलं असेल तर बांडगूळ. आमरी काढू नका, आंब्याच्या मोहोराला तिचा काही त्रास नाही.

१९. वांडा घरी कशी वाढवायची?

पहिला नियम, माती नको. लाकडी पट्ट्यांची किंवा तारेची टोपली घ्या, त्यात लाकडी कोळशाचे आणि विटांचे मोठे तुकडे टाका आणि झाड सुती दोरीने किंवा नारळाच्या काथ्याने बांधा. दारात आंबा असेल तर सरळ त्याच्या खोडाच्या पूर्व बाजूला बांधा. बांधायची वेळ पावसाच्या सुरुवातीची, नवी मुळं तेव्हा लवकर धरतात.

पाण्याचं गणित मुळं स्वतः सांगतात. कोरडी मुळं पांढरट-चंदेरी दिसतात, भिजली की काही क्षणांत हिरवी होतात. सकाळी हिरवी होईपर्यंत फवारा, दुपारपर्यंत परत चंदेरी झाली पाहिजेत. संध्याकाळीही हिरवी राहत असतील तर हवा कमी आहे किंवा पाणी जास्त. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा फवारा आणि ५० टक्के शेडनेट. हिवाळ्यात एक दिवसाआड पुरतं. पावसाळ्यात विद्राव्य खताची पाव मात्रा आठवड्यातून एकदा, थंडीत बंद.

पानं गडद हिरवी, लुसलुशीत आणि फूल मात्र नाही, अशी तक्रार फार येते. त्या सगळ्यांकडे झाड बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात असतं. तिला उजेड हवा, सकाळचं कोवळं ऊन हवं.

२०. जंगलात वादळाने पडलेल्या फांदीवरची आमरी आणली तर चालेल? ती तर मरणारच होती.

भावना समजते, पण यावल किंवा गौताळा यांसारख्या अभयारण्यातून पडलेली काटकीही परवानगीशिवाय आणता येत नाही. राखीव वनातही वनोपज उचलायला मनाई असते. फार तर वनरक्षकाला सांगा, तिथल्याच उभ्या झाडाला ती बांधून देता येईल.

स्वतःच्या मळ्यातला आंबा पडला असेल तर गोष्ट वेगळी. आमरी सालीसकट काढा, मुळं तुटू देऊ नका आणि दोन-तीन दिवसांत दुसऱ्या झाडावर बांधा. रस्ता रुंदीकरणात जुनी झाडं तोडणार असतील तर काम सुरू होण्याआधी संबंधित विभागाकडे लेखी परवानगी मागा. करवत चालल्यावर कोणी ऐकत नाही.

२१. ऑर्किडच्या कंदाची सालममिश्री होते म्हणतात. बी ऑर्किडची होते का? लागवड केली तर भाव मिळेल?

तुर्कस्तानात ऑर्किडच्या वाळवलेल्या कंदांच्या पुडीपासून सालेप नावाचं गरम पेय करतात, त्यात ऑर्किस आणि ऑफ्रिस दोन्ही कुळांचे कंद जातात. एक किलो पुडीला हजाराच्या वर कंद लागतात, आणि ते सगळे रानातून. तिथले डोंगर यानेच ओसाड पडत चालले आहेत. आपल्याकडे अमरकंदावर हीच वेळ आहे. बाजारात मागणी आली की कंद खणला जातो आणि बी पडायची वेळच येत नाही.

लागवडीचं म्हणाल तर ७ आणि ८ पुन्हा वाचा. पाच-सात वर्षांनी बोराएवढा कंद येणारं पीक कोणत्या भावाला परवडेल?

२२. कंद मिळाला, एकदा फूलही आलं. नंतर पानं काळी पडली आणि यंदा दसऱ्यानंतर काहीच उगवलं नाही. मेलं का?

पानं काळी पडणं स्वाभाविक आहे, फूल सरलं की वरचा भाग जातोच. बी ऑर्किड एकदा फुललं की मरतं, अशी जुनी समजूत आहे, पण ती खरी नाही. काही झाडं अनेकदा फुलतात, काही मधली एक-दोन वर्षं जमिनीखालीच काढतात. फुलण्यात ताकद जास्त खर्च झाली तर नवा कंद लहान राहतो आणि विश्रांती लांबते.

डिसेंबरपर्यंत हालचाल नसेल तर कुंडी हलकेच कागदावर ओता. जुना सुरकुतलेला आणि शेजारी नवा टणक, फिकट रंगाचा कंद असा जोड दिसायला हवा. नवा कंद बोटाला घट्ट लागला तर ताज्या मिश्रणात परत लावा, पाणी अगदी बेताचं द्या आणि आखाजीला नेहमीसारखं बंद करा. दाबल्यावर पाणी सुटलं आणि आंबूस वास आला तर गेला. ते मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नका, आणि पावसाळ्यात कुंडीवर पाणी कुठून पडत होतं ते आधी शोधा.